चुकीच्या सर्व्हरवर एंटर: टेक कंपनीतल्या नोकरीचं एक प्रकरण

टेक कंपनीत नोकरी करावी का, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. पगार चांगला, वेळ सवडीचा, घरून काम, वर शेअर. आणि दुसऱ्या बाजूला ताण, रात्री-अपरात्री येणारे फोन, कधी हातात नारळ पडेल याचा भरवसा नाही. यादी खरीच आहे, पण तिच्यावरून कुणाला काही ठरवता येत नाही. यातली कुठली गोष्ट कधी आणि कशी अंगावर येते, ते यादीत दिसत नाही. म्हणून इथे एकच प्रकरण घेऊन ते शेवटपर्यंत बघू: ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला, ते. कंपनीने घटनाक्रम स्वतःच जाहीर केला, त्यामुळे तर्क लढवावे लागत नाहीत. अभियंत्याचं नाव मी घेत नाही. कंपनीच्या अंतिम अहवालातही ते नाही.

कंपनी आणि तिथलं काम

गिटलॅब म्हणजे प्रोग्रामरांनी आपला कोड ठेवायची, एकमेकांचं काम तपासायची जागा. २०११ मध्ये मुक्त-स्रोत प्रकल्प म्हणून ती सुरू झाली आणि २०१४ मध्ये तिची कंपनी झाली. ऑफिस असं नाहीच. माणसं वेगवेगळ्या देशांत, आपापल्या घरून काम करणारी. कामाचे नियम, निर्णय कसे घ्यायचे, पगार कसा ठरतो, सुट्टी कशी टाकायची, सगळं एका भल्यामोठ्या हँडबुकमध्ये लिहिलेलं, आणि ते हँडबुक बाहेरच्या कुणालाही वाचायला खुलं.

नोकरी शोधणाऱ्याला आणखी काय हवं? डोक्यावर साहेब बसलेला नाही, येण्याजाण्यात आयुष्य जात नाही, कुठल्या बैठकीत काय ठरलं ते कानगोष्टींवरून कळत नाही. यातली एक गोष्ट मात्र मला वेगळी काढावीशी वाटते. ती भरतीच्या जाहिरातीत कधी नसते, आणि माझ्या मते या धंद्याचं खरं आकर्षण तीच आहे. इथे अधिकार लवकर मिळतो. जुन्या, मुरलेल्या संस्थेत तिजोरीची किल्ली हातात यायला वर्षं जातात आणि तरीही दुसऱ्याची सही लागते. वाढत्या टेक कंपनीत थोड्याच दिवसांत प्रॉडक्शनचं, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात त्या यंत्रणेचं, लॉग-इन हातात येतं. दुपारी केलेला बदल संध्याकाळपर्यंत हजारो लोक वापरू लागतात. ज्याला कामाची भूक आहे त्याला याची चटक लागते, आणि मग कमी अधिकाराच्या नोकरीत परत जाणं जड जातं. त्या रात्री जे घडलं ते याच अधिकारामुळे घडू शकलं.

३१ जानेवारी, संध्याकाळ ते मध्यरात्र

त्या दिवशी हा अभियंता चांगलंच काम करत होता. डेटाबेसवरचा भार एकाहून जास्त सर्व्हरांवर वाटता यावा म्हणून पीजीपूल नावाचं साधन तो स्टेजिंगवर, म्हणजे सरावाच्या यंत्रणेवर, तपासत होता. तिथे ताजा डेटा हवा म्हणून यूटीसीनुसार, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, संध्याकाळी ५:२० ला त्याने मुख्य डेटाबेसचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, हाताने काढला. एरवी असा स्नॅपशॉट २४ तासांतून एकदा आपोआप निघायचा. ही पाच-वीसची वेळ लक्षात असू द्या.

सातच्या सुमाराला डेटाबेसवरचा लोड चढायला लागला. स्पॅमचा संशय होता. आणखी एक कारण नंतर सापडलं, ते ऐकून हसावं की रडावं कळत नाही. कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध कुणीतरी खोडसाळपणे गैरवापराची तक्रार केली होती. ते खातं चुकून काढून टाकायच्या यादीत गेलं होतं, आणि मागे चाललेलं एक काम इमानेइतबारे त्या माणसाचा सगळा डेटा पुसत बसलं होतं.

गिटलॅबकडे दोन डेटाबेस सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक दुय्यम. मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत लिहितो आणि दुय्यम ती नोंदवही वाचत वाचत स्वतःला ताजं ठेवतो. लोड इतका वाढला की दुय्यमची दमछाक झाली. त्याला हव्या असलेल्या नोंदी वाचून होण्याआधीच मुख्य सर्व्हरने त्या काढून टाकल्या. जुन्या नोंदी दुसरीकडे जपून ठेवायची सोय पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे गिटलॅब वापरत असलेल्या डेटाबेस प्रोग्राममध्ये, असते, पण इथे ती चालू केलेली नव्हती. मग एकच मार्ग उरतो: दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पूर्ण पुसायचा आणि मुख्यवरून नव्याने सगळा उतरवून घ्यायचा.

अभियंत्याच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे अकरा वाजत आले होते. तो काम आवरून उठणारच होता, तेवढ्यात हे उपटलं म्हणून थांबला. कंपनीच्या त्या रात्रीच्या नोंदींमध्ये हे वाक्य जाता जाता येऊन जातं. सगळ्या प्रकरणात मला तेच सर्वांत बोलकं वाटतं. त्याला थांब असं कुणी सांगितल्याची नोंद नाही. सवडीच्या वेळेची नोकरी असली की ‘पाळी संपली’ असं म्हणायची सोय राहत नाही. दुपारी दोन तास बाहेर जाऊन आलात तरी कुणी विचारत नाही, पण रात्री अकराला काही मोडलं आणि ते दुरुस्त करणं तुम्हाला येत असेल, तर उठून जायला मन धजत नाही. कामावर प्रेम असणाऱ्यांचंच यात जास्त नुकसान होतं, कारण त्यांना कुणी थांबवावं लागत नाही.

पुढचा तासभर त्याच्यापुढे एकामागून एक अडचणी येत गेल्या. डेटा उतरवून घेणारा पीजी बेसबॅकअप हा प्रोग्राम तक्रार करू लागला की मुख्य सर्व्हरवर जोडण्यांसाठी पुरेशी जागा नाही. त्यासाठीची मर्यादा ३ वरून ३२ केली. मग पोस्टग्रेस पुन्हा सुरूच होईना, कारण एकूण जोडण्यांची मर्यादा ८,००० ठेवलेली होती आणि ऑपरेटिंग सिस्टिमला ती झेपेना. ती २,००० वर आणली. पोस्टग्रेस सुरू झालं, पण पीजी बेसबॅकअप आता नुसताच गप्प बसला. चूक दाखवेना, पुढेही सरकेना. खरं तर तो मुख्य सर्व्हरकडून डेटा यायची वाट बघत होता, आणि त्याने तशी वाट बघणं नेहमीचंच होतं. पण हे ना कंपनीच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं होतं, ना तो प्रोग्राम स्वतः सांगत होता.

ज्याने रात्री उशिरा असा गप्प पडदा पाहिला आहे त्याला पुढची पायरी समजेल. अभियंत्याला वाटलं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नांतल्या काही फायली डेटाच्या डिरेक्टरीत उरल्या असतील, प्रोग्रामला ती साफ रिकामी लागत असेल. त्याने ती पुसायचा आदेश दिला. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आदेश दुय्यम सर्व्हरच्या खिडकीत द्यायचा होता आणि तो मुख्य सर्व्हरच्या खिडकीत गेला आहे. दोन्हींच्या नावात फरक एका आकड्याचा, एक डीबी१ आणि दुसरा डीबी२. त्याने लगेच आदेश तोडला. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. यूटीसीनुसार रात्रीचे साडेअकरा होत आले होते. त्याच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती.

बॅकअप होते, फक्त चालत नव्हते

असं काही झालं की पहिला प्रश्न बॅकअपचा. रोजचा बॅकअप क्लाउडवरच्या एका साठ्यात जायचा. तो साठा उघडला तर रिकामा. बॅकअप घेणारा प्रोग्राम पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो रोज बंद पडत होता. बंद पडल्यावर कळवणारा ईमेलही जात होता. मात्र ते ईमेल पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या डीमार्क या नियमांत बसत नसल्याने समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. म्हणजे धोक्याची घंटा वाजत होती, पण ऐकू कुणालाच जात नव्हती. क्लाउड कंपनीकडून मिळणारे डिस्कचे स्नॅपशॉट फायलींच्या सर्व्हरांसाठी चालू होते, डेटाबेससाठी नव्हते. दुय्यम सर्व्हर तर आधीच पुसलेला. कंपनीने त्याच रात्री जाहीरपणे लिहिलं की बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच पद्धती होत्या आणि त्यांतली एकही भरवशाने चालत नव्हती किंवा मुळात बसवलेलीच नव्हती.

उरला होता तो पाच-वीसचा स्नॅपशॉट, अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेला. तो नसता तर आणखी जुन्या प्रतीवर जावं लागलं असतं. ज्याच्या हातून डेटा गेला, त्याच्याच संध्याकाळच्या कामामुळे नुकसान सहा तासांवर थांबलं. योगायोगच, पण दोष कुणा एकाच्या माथी मारायला निघालेल्याची यात चांगलीच पंचाईत होते.

तो स्नॅपशॉट परत आणणंही सोपं गेलं नाही. स्टेजिंगच्या डिस्क स्वस्तातल्या आणि संथ होत्या, त्यामुळे नुसत्या कॉपीलाच अठरा-एक तास लागले. १ फेब्रुवारीला यूटीसीनुसार संध्याकाळी सहानंतर सेवा पूर्ववत झाली. मधल्या सहा तासांतले सुमारे ५,००० प्रकल्पांचे तपशील, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती गेली ती गेलीच. लोकांचा कोड मात्र वेगळ्या जागी ठेवलेला असल्याने वाचला.

कंपनी कशी वागली

टेक कंपनीतल्या नोकरीचा सर्वांत चांगला भाग इथे दिसतो. डेटा जाऊन काही तास होतात न होतात तोच कंपनीने आपली कामाची नोंद, जशी लिहिली जात होती तशीच, सगळ्यांसाठी उघडी केली. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. हजारो अनोळखी अभियंते ते बघत बसले, सूचना देत राहिले, धीर देत राहिले. हे कुणी केलं आणि त्याची नोकरी जाणार का, या प्रश्नाला कंपनीने तिथेच उत्तर दिलं: एकाच्या हातून चूक झाली, त्याला काढणार नाही. आणि खरोखर काढलं नाही. तो पुढे काही वर्षं तिथेच काम करत होता.

दहा दिवसांत सविस्तर अहवाल आला. त्यात अभियंत्याचा उल्लेख ‘टीममधला सदस्य क्रमांक १’ एवढाच. अहवाल ‘का?’ हा प्रश्न एकामागून एक विचारत खाली उतरतो. डेटा का गेला? आदेश चुकीच्या सर्व्हरवर गेला म्हणून. परत का आणता आला नाही? बॅकअप बंद पडत होता म्हणून. ते कळलं का नाही? ईमेल नाकारले जात होते म्हणून. बॅकअप परत उतरवून बघायची तपासणी कधी का झाली नाही? कारण हे काम कुणाचंच नव्हतं. जबाबदार म्हणून कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं.

दोषी माणूस न शोधता यंत्रणेतली फट शोधायची ही रीत विमानवाहतूक आणि वैद्यकीय क्षेत्रातून इकडे आली. २०१२ च्या सुमारास एट्सी या कंपनीने ती सॉफ्टवेअरच्या जगात रुजवली. तिच्यामागे भलेपणा असेलही, पण मुख्यतः तो व्यवहार आहे. ज्याच्यावर खापर फुटणार आहे तो माणूस कधी काय टाइप केलं ते खरं सांगणार नाही, आणि खरं कळलं नाही तर तीच चूक दुसरा कुणी पुन्हा करील. या अहवालातून झालेल्या दुरुस्त्या बघा: स्नॅपशॉट दर तासाला घ्यायचे, बॅकअप रोज उतरवून तपासायचे, कुठल्या सर्व्हरवर आहोत हे खिडकीत ठळक आणि वेगळ्या रंगात दिसावं अशी सोय करायची, डेटा टिकवण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाकायची. अभियंत्याला खडसावून यातलं एकही झालं नसतं.

तुलनेला नाइट कॅपिटलचं उदाहरण घ्या. १ ऑगस्ट २०१२ ला शेअर-व्यवहाराच्या या कंपनीत नवा कोड आठ सर्व्हरांवर बसवायचा होता आणि एक सर्व्हर राहून गेला. बसवलेलं काम दुसऱ्या कुणी तपासायची पद्धत नव्हती. ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला आणि कंपनी पुढे दुसऱ्याच्या ताब्यात गेली. तिथेही एकट्या माणसाकडे मोठा अधिकार होता आणि शेजारी तपासणारा कुणी नव्हता. गिटलॅबमधल्या नुकसानीतून सावरता आलं, नाइटमधल्या नुकसानीतून नाही. मोठा अधिकार एकाच माणसाच्या हाती देण्यातला धोका कंपनीला कुठवर नेऊ शकतो, हे या दोन उदाहरणांत दिसतं.

जे अहवालात येत नाही

आता दुसरी बाजू. गिटलॅबने जे केलं त्याचं कौतुक आजही परिषदांमध्ये होतं आणि ते रास्तच आहे. पण हा मोकळेपणा कंपनीने पत्करलेला होता. त्या थेट प्रक्षेपणातली सर्वांत वाईट मिनिटं मात्र एका माणसाची होती. सुरुवातीच्या नोंदींमध्ये त्याची आद्याक्षरं होती. ज्याला शोधायचं त्याला तेवढं पुरतं. आपली मध्यरात्रीची चूक जगभरच्या प्रशिक्षणांत उदाहरण म्हणून दाखवली जावी का, हे एकट्या कर्मचाऱ्याला कितपत ठरवता येतं? त्या दिवशी बहुतेक लोक प्रेमाने बोलले, ‘हगऑप्स’, म्हणजे यंत्रणा सांभाळणाऱ्यांना एक मिठी, असं म्हणत पाठीशी उभे राहिले. लोक प्रेमाने बोलतीलच याची हमी मात्र कुठल्याच हँडबुकात देता येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. ‘काम कुणाचंच नव्हतं’ हे उत्तर कुठून येतं? वाढत्या कंपनीत नवीन सोय बांधणाऱ्याचं नाव होतं, बढतीच्या अर्जात तिला जागा मिळते. बॅकअप नीट चालला तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याचं श्रेय कुणाला मिळत नाही. मग ते काम पुढच्या तिमाहीत, त्याच्या पुढच्या तिमाहीत असं ढकललं जातं. हुद्द्यांच्या पाट्या कमी आणि मोकळीक जास्त असलेल्या जागी माणूस स्वतःला आवडेल ते काम उचलतो. न आवडणारं, न चमकणारं काम कोपऱ्यात साचत राहतं, आणि शेवटी त्या रात्री जागा असलेल्या एकाच माणसावर येऊन पडतं. दोष न देण्याच्या रीतीने त्या माणसाची नोकरी वाचली. त्या कामाला आधीपासून वाली मिळेल अशी व्यवस्था तिने केली नव्हती.

रात्रीच्या कामाचा हिशेब काही कंपन्यांनी घातलेला आहे. गूगलमधल्या यंत्रणा सांभाळणाऱ्या टीमनी प्रसिद्ध केलेला नियम असा: ऑन-कॉलवर, म्हणजे काही मोडलं तर धावून जायच्या पाळीवर, माणसाचा पाव हिश्श्याहून जास्त वेळ जाऊ नये आणि बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना येऊ नयेत. त्यामागचं गणित साधं आहे. एक घटना म्हणजे आग विझवणं, मूळ शोधणं, अहवाल लिहिणं आणि दुरुस्ती करणं, मिळून सरासरी सहा तास. तिसरी घटना आली की कुठलं तरी काम अर्धं राहणार. हा नियम पाळायला माणसं लागतात, आणि लहान कंपनीकडे नेमकी तीच कमी असतात. म्हणून ‘आमची टीम छोटी आहे, प्रत्येकाला भरपूर जबाबदारी मिळते’ हे वाक्य मुलाखतीत ऐकलं की त्याचे दोन्ही अर्थ खरे मानावेत.

घरून कामाचंही असंच. गिटलॅबमध्ये पगार ठरवताना कामाच्या दर्जाबरोबर राहण्याच्या ठिकाणाचा गुणक धरला जायचा, आणि तो कुणालाही बघता यायचा. कुठेही राहायची मुभा मिळाली, पण तोच हुद्दा आणि तेच काम असून दोघांच्या पगारात नुसत्या पत्त्यामुळे फरक. कंपनीचं म्हणणं असं की पगार ज्या त्या ठिकाणच्या बाजारभावाने द्यायचा. मला हा युक्तिवाद कधी पटला नाही. ग्राहक सेवेचे पैसे भरताना अभियंता कुठे राहतो ते विचारत नाही. निदान गणित झाकून ठेवलं नाही एवढं श्रेय द्यायला हवं. बऱ्याच ठिकाणी फरक असतोच, दिसत मात्र नाही.

शेअर आणि नारळ

प्रकरण इथेच सोडलं तर चित्र गोड राहील, म्हणून पुढची सहा वर्षंही बघायला हवीत. १४ ऑक्टोबर २०२१ ला गिटलॅबचा शेअर नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात आला. किंमत ७७ डॉलर ठरली होती, पहिल्याच दिवशी तो शंभराच्या वर बंद झाला. ज्यांनी अडचणीच्या वर्षांत कमी भावाचे ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर विकत घ्यायचे हक्क, घेतले होते, त्यांच्यासाठी ही मोठी कमाई होती. कुठल्याही पगारवाढीने तेवढी रक्कम हातात आली नसती. टेक कंपनीतल्या नोकरीचा हा फायदा कमी लेखू नये. अनेकांच्या घराचं कर्ज यातूनच फिटतं. पण या पैशावर तुमचा ताबा फार थोडा असतो. २०२३ च्या मे महिन्यात तोच शेअर ७७ च्या निम्म्याहून खाली गेला होता. कंपनीत कधी आलात आणि विकायची मुभा कधी मिळाली, या दोन तारखांवर सगळं अवलंबून. कामाचा दर्जा या हिशेबात जवळजवळ येतच नाही.

आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने सात टक्के कर्मचारी कमी केले. त्याच हंगामात गूगलने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० जणांना कमी करायचं जाहीर केलं. काहींना ते सकाळी लॉग-इन चालेना तेव्हा कळलं. २०१७ मध्ये ३०० जीबी पुसणाऱ्याची नोकरी वाचली आणि २०२३ मध्ये काहीही न पुसलेल्यांची गेली. यात कंपनीचा दुटप्पीपणा आहे असं मला वाटत नाही. दोन वेगळे निर्णय वेगळ्या टेबलांवर झाले. चूक कशी हाताळायची ते अभियंत्यांची संस्कृती ठरवते, आणि तिथे माणसाला नाव असतं. कपात किती करायची ते व्याजदर आणि गुंतवणूकदार ठरवतात, आणि तिथे माणूस टक्केवारीत मोजला जातो. ‘आमची कंपनी कुटुंबासारखी आहे’ असं सांगणारे पहिल्या टेबलावरचा अनुभव सांगतात, आणि तो बहुधा खराही असतो. दुसऱ्या टेबलावर काय ठरतंय याची त्यांनाही खबर नसते.

मुलाखतीत काय विचारावं

हे प्रकरण समोर ठेवून नोकरी निवडायची तर माझे प्रश्न पगाराच्या आधी दुसरीकडे वळतील. शेवटची मोठी घटना कधी झाली आणि तिचा अहवाल वाचायला मिळेल का? बाहेर दाखवता येत नसेल तर निदान ती तोंडी सांगतील. सांगताना ‘अमक्याने चूक केली’ असं वाक्य आलं तर मी तिथेच सावध होईन. बॅकअप शेवटचा कधी उतरवून बघितला आणि ते काम कुणाच्या नावावर आहे? यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं तर उत्तर मिळालं असं समजावं. रात्री जागून काम केलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी हक्काने मिळते की मागावी लागते? गेल्या महिन्यात टीममधल्या कुणाला किती वेळा उठवलं? प्रॉडक्शनवर काही पुसायचं झालं तर दुसऱ्या माणसाची संमती लागते का?

हे विचारलं म्हणून कुणी नोकरी नाकारल्याचं मी पाहिलेलं नाही. उलट ज्यांनी स्वतः रात्री जागून काढल्या आहेत ते या प्रश्नांवर खुलतात, आणि बोलण्याच्या ओघात नियमावलीत नसलेलं बरंच सांगून जातात.

शेअरबद्दल एक प्रश्न लेखी विचारायचा. नोकरी सुटल्यावर ऑप्शन वापरून शेअर विकत घ्यायला किती दिवस मिळतात? रूढ पद्धत चार वर्षांत हक्क जमण्याची, पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी काहीच न मिळण्याची, आणि सोडल्यावर बऱ्याच ठिकाणी फक्त ९० दिवसांची मुदत. त्या मुदतीत ऑप्शनचे पैसे आणि काही ठिकाणी वर करही स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, तेही शेअर बाजारात विकायची सोय नसताना. कपातीत नोकरी गेलेल्याकडे नेमके तेव्हाच पैसे नसतात, आणि तीन-चार वर्षांत जमलेला हक्क सोडून द्यावा लागतो. काही कंपन्यांनी ही मुदत वाढवून काही वर्षांची केली आहे. ज्यांनी केली असेल त्या आकडा लगेच सांगतात. बाकीचे ‘ते नंतर एचआर बघेल’ म्हणतात, आणि तेव्हा ऑफरच्या कागदावरची शेअरची रक्कम शून्य धरून उरलेल्या पगारावर नोकरी परवडते का ते बघावं.